वर केलेला हात

समोरच्या फुटपाथवर कुणी बसला हात केला, की मास्तर जागच्या जागी थांबतात. बस थांबो न थांबो, मास्तर थांबणार. मागून येणारा माणूस त्यांच्या पाठीवर आदळतो, चार शब्द सुनावून पुढे जातो, आणि तो समोरचा हात खाली आला की मास्तर पुन्हा चालू लागतात, जणू काही झालंच नाही. “अहो, तो हात तुम्हाला नव्हता,” हे बायको इतक्या वेळा म्हणून चुकली आहे की आता ती बोलतही नाही. नुसतं कोपराने ढोसते.

मास्तर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खडू, फळा, छडी असलं काही आलं असेल तर ते आधी पुसून टाका. शाळेशी यांचा संबंध लहानपणी आला तेवढाच, आणि तो दोन्ही बाजूंना फारसा गोड गेला नाही. हे बँडमास्तर. म्हणजे बँडही नाही हो, नुसतेच मास्तर! बांधकामावरच्या लोकांनी ठेवलेलं नाव. पुढे त्यातला बँड गळून पडला आणि मास्तर तेवढे उरले.

उंच इमारत उठत असते, तिच्या शेजारी ती पिवळी टॉवर क्रेन उभी असते, ती तुम्ही पाहिली असेलच. सगळेच पाहतात. लोकांना मान मोडेपर्यंत वर बघायची भारी हौस. पण त्याच वेळी खाली, चिखलात, डोक्यावर हेल्मेट आणि अंगात झगझगीत जाकीट घातलेला एक माणूस एकटाच हात हलवत असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बघितलंच तर म्हणतात, याला काय झालं? त्याला काही झालेलं नसतं. तो बोलत असतो.

बोलतो कुणाशी, तर वरच्या केबिनमधल्या कावळ्याशी. कावळा म्हणजे क्रेन चालवणारा. सकाळी शिडीने वर चढतो तो संध्याकाळीच उतरतो, डबा वरच खातो आणि दिवसभर कुरकुरतो, म्हणून कावळा. कामाला पक्का आहे, त्यात वादच नाही. पण इमारत जरा वर गेली की तिच्या पलीकडचं त्याला काही दिसत नाही. हुकाला टांगलेला सळ्यांचा भारा भिंतीमागे जमिनीवर टेकतोय की कुणाच्या डोक्यावर, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याला दिसतात ते मास्तर, कोपऱ्यावर उभे, जिथून भाराही दिसतो आणि केबिनही. मास्तरांच्या हाताकडे बघत तो दांडे हलवतो. वॉकीटॉकी असते दोघांकडे, पण ती कावळ्याची कुरकुर ऐकण्यापुरती.

खुणा काही फार नाहीत. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. हात आडवा लांब केला की त्या बाजूला वळव. दोन्ही हात छातीपाशी एकमेकांत धरले की झालं, संपलं. आणि हात उंच, तळवा समोर, की थांब. बाकीच्या खुणा एकट्या मास्तरांनी करायच्या. दुसऱ्या कुणी केल्या तर कावळा त्याला भीक घालत नाही. थांब मात्र कुणीही म्हणू शकतो. साहेब म्हणू शकतो, झाडू मारणारी बाई म्हणू शकते, काल कामाला लागलेला नवखा म्हणू शकतो. कुणाचाही हात वर गेला की थांबायचं, आणि तो हात ज्याचा आहे त्याने खाली घेईपर्यंत थांबून राहायचं. का, कशाला, कुणी सांगितलं, हे सगळे प्रश्न नंतर.

हे मास्तरांच्या अंगात भिनवलं त्यांच्या उस्तादाने. मास्तर तेव्हा मिसरूड फुटलेले, नुकतेच खुणा शिकत होते. एकदा भारा अधांतरी असताना पाणीवाल्या मावशींचा हात वर गेला. मास्तरांनी क्रेन थांबवली. मावशींनी त्या हाताने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघाल्या बादली घेऊन! सगळे खो खो हसले. मास्तरांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. उस्ताद मात्र हसला नाही. म्हणाला, “शाबास. असाच उल्लू बनत राहा. रोज बन.” आणि पुढे काही महिन्यांनी त्याच मावशींचा हात पुन्हा वर गेला, तेव्हा मास्तरांच्या मनात आलंच, की झालं, पदर. पण हात थांबले. त्या वेळी पदर नव्हता. भाऱ्याचा पट्टा एका बाजूने उसवत चालला होता, आणि तो मावशी उभ्या होत्या तिथूनच दिसत होता. भारा हळूच खाली घेतला, पट्टा बदलला, सगळे चहा प्यायले. कुणाला खरचटलंही नाही. अशा गोष्टी कुठे छापून येत नाहीत, आणि मास्तरांची सगळी नोकरी अशाच गोष्टींनी भरलेली आहे.

असा हा माणूस बोलण्यात म्हणाल तर अगदी मुखदुर्बळ. बायकोला पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा ती चहा देताना “साखर?” म्हणाली आणि यांनी नुसता तळवा दाखवला. ती चमचा हातात धरून थांबली. ती थांबली म्हणून हेही थांबले. शेवटी तिच्या आत्याने मध्ये पडून दोघांना सोडवलं. बायको ही गोष्ट अजून सांगते आणि सांगताना अजून हसते. पण ते राहतात त्या इमारतीत कुणाचं कपाट जिन्यावरून चढवायचं असलं की पहिली हाक मास्तरांना. मास्तर कपाटाला बोटही लावत नाहीत. वळणावर उभे राहून हात हलवतात, आणि कपाट भिंतीचा पोपडासुद्धा न उडवता चौथ्या मजल्यावर जाऊन बसतं.

या घरातली एकुलती एक लेक म्हणजे भिंगरी. सहावीत. बोलण्यात आईवर गेलेली, त्यामुळे घरात मास्तरांच्या वाटचं तीच बोलते. बोलायच्या आधी ती खुणा शिकली. पाळण्यात असताना बोट वर करून फिरवायची, म्हणजे उचला मला.

तर झालं असं, की एका रात्री जेवताना ही भिंगरी ताटाकडे बघत पुटपुटली, “बाईंनी तुम्हाला बोलावलंय.”

“का गं? काय केलंस?” आईने लगेच विचारलं.

“काही नाही केलं. दर शनिवारी कुणाचे तरी आईबाबा येतात आणि आपलं काम सांगतात. मागे एक नर्स आल्या होत्या. मग बेकरीवाले आले. आता बाबा.” आणि जरा थांबून, “नसेल जमत तर नका येऊ. मी सांगेन बाईंना.”

खरं तर इथेच मास्तरांनी कान टवकारायला हवे होते. जी पोरगी एरवी हट्ट केल्याशिवाय पाणी पीत नाही, ती म्हणते नका येऊ? पण मास्तरांना ‘आता बाबा’च्या पुढचं काही ऐकूच आलं नव्हतं. पन्नास पोरांसमोर बोलायचं! त्यापेक्षा पन्नास टनांचा भारा परवडला. नाही म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. पण मग त्यांना ती बस आठवली.

महिन्याभरापूर्वी शाळेची बस कुठल्याशा सहलीला जाताना बांधकामासमोरच्या सिग्नलला थांबली होती. खिडकीत भिंगरी होती. मास्तरांनी तिला पाहिलं, आणि त्या वेळी त्यांचा भारा अधांतरी होता. त्यांनी हात केला नाही. करता येत नव्हता. बस निघून गेली. संध्याकाळी ते म्हणाले, “दिसली होतीस मला,” आणि ती “हो का?” म्हणून आत निघून गेली होती. पोरीचा जीव दुखावला, बापाने ओळख दाखवली नाही, असं तेव्हापासून मास्तरांच्या मनाला लागून राहिलं होतं.

“येतो,” मास्तर म्हणाले.

मग काय, तीन दिवस घरात नुसती तालीम. मास्तर आरशासमोर उभे, बायको पलंगावर श्रोता. “नमस्कार. मी बांधकामावर असतो,” एवढं म्हणून झालं की गाडी अडायची आणि हात आपोआप सुरू व्हायचे. “हात खिशात ठेवा,” बायको म्हणाली. हात खिशात ठेवले तर तोंडही बंद. “काढा बाई, काढा बाहेर!” ती म्हणाली. भिंगरी या सगळ्या वेळात अभ्यासाचं पुस्तक तोंडापुढे धरून बसलेली.

शनिवारी मास्तर धुतलेलं जाकीट घालून आणि हेल्मेट घेऊन शाळेत पोचले. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. खिडकीत काचेच्या बरण्यांमध्ये कापसावर उगवलेले कोंब, मागच्या भिंतीवर नकाशा, वर कटकट आवाज करत फिरणारा पंखा. आणि फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेली भली मोठी क्रेन. पोरांनी जीव ओतून काढली होती. वर केबिन, केबिनमध्ये हसरा माणूस, आणि खाली लिहिलेलं: भिंगरीचे बाबा. क्रेनच्या पायथ्याशी रिकामा फळा.

“मुलांनो,” बाई म्हणाल्या, “आज आपल्याकडे कोण आलंय? शहरातली सगळ्यात उंच क्रेन चालवणारे आपल्या भिंगरीचे बाबा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी भिंगरीकडे पाहिलं. तिसऱ्या बाकावर ती मान खाली घालून बसली होती आणि तिचे कान लालभडक झाले होते. मास्तर शब्दांत कच्चे असतील, पण माणसाचं अंग वाचण्यात त्यांची उभी हयात गेली होती. पोरीने वर्गात थाप मारली आहे, आणि ती थाप आता आपल्या हातात आहे, हे त्यांना एका नजरेत कळलं. खरं सांगितलं तर पोरगी पन्नास जणांत खोटी पडते. नाही सांगितलं तर इतकी वर्षं ज्या जागेवर उभे राहिलो ती जागाच पुसली जाते.

“नमस्कार,” ते म्हणाले. “मी बांधकामावर असतो. सकाळी...”

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने प्रश्न विचारायला हात वर केला. मास्तर गप्प. तोंड अर्धवट उघडं, एक हात कमरेवर, तसेच.

मुलगी हात वर करून वाट बघतेय. मास्तर तो हात खाली यायची वाट बघतायत. बाई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. “बोला ना,” बाई हळूच म्हणाल्या. मास्तरांनी डोळ्यांनीच त्या हाताकडे दाखवलं. मुलगी घाबरली आणि तिने हात खाली घेतला. “सकाळी आठला पोचतो,” मास्तर म्हणाले, “आणि आधी पट्टे...” मागून दुसरा हात वर. मास्तर पुन्हा गप्प.

आता पोरांना वास लागला. पोरंच ती! पाच हात वर गेले, मग वीस, मग सगळा वर्ग. मास्तर खांबासारखे उभे. वर्गात हशा पिकला. एक भिंगरी तेवढी हसत नव्हती. बाईंनी डस्टर आपटला तेव्हा कुठे हात खाली आले.

“काय झालं? बरं वाटत नाहीये का?” बाईंनी विचारलं.

“तसं नाही,” मास्तर म्हणाले. “आमच्याकडे हात वर केला की थांबायचं असतं. कुणीही केला तरी. त्याने खाली घेईपर्यंत.”

“गंमत म्हणून केला तरी?” एका पोराने विचारलं.

“गंमत आहे की नाही, हे थांबल्यावर कळतं. आधी कसं कळणार?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. हसू जरा ओसरलं. बाई म्हणाल्या, “बरं, मग आज कुणी हात वर करायचा नाही. प्रश्न असेल त्याने उभं राहायचं.”

लगेच जाड चष्म्याचा एक मुलगा उभा राहिला. त्याने प्रश्न घरूनच ठरवून आणला असावा. “काका, तुम्ही वर केबिनमध्ये बसता तेव्हा खालची माणसं केवढी दिसतात?”

झालं. जे टाळत होते तेच दारात येऊन उभं राहिलं. मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. केबिनमधला हसरा माणूस त्यांच्याकडेच बघत होता. मग त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. तिने आता मान वर केली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. तिला पाहिलं आणि मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं. पोरीसाठी एक थाप. काय जातंय आपल्या बापाचं? आयुष्यभर खाली पाय रोवून उभा राहिलेला माणूस एका क्षणात शिडी चढून वर जाऊन बसायला तयार झाला. माया माणसाला काय काय करायला लावते!

“वरून ना,” मास्तरांनी सुरुवात केली, “माणसं अगदी मुंग्यांएवढी...”

तिसऱ्या बाकावरून एक हात वर गेला. उंच, सरळ, तळवा समोर. पोरांसारखा लुळा हात नाही. शिकलेला हात.

मास्तर थांबले.

या वेळी कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, “भिंगरी, हात वर करायचा नाही असं ठरलंय ना?” पण तिने हात खाली घेतला नाही. बाई मास्तरांना म्हणाल्या, “तुम्ही बोला.” मास्तरांनी मान हलवली. नाही. नियम म्हणजे नियम.

भिंगरी हात तसाच ठेवून उभी राहिली. “बाबा वर नसतात,” ती म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. “ते क्रेन चालवत नाहीत. ते खाली उभे असतात. सहलीला जाताना आपली बस थांबली होती, तेव्हा आपण सगळे एका माणसाला हसलो ना, वेड्यासारखा हात हलवतोय म्हणून? ते माझे बाबा. मी पण हसले होते. आणि मग मी सांगितलं की माझे बाबा वरचे. त्यांनी तेव्हा मला हात केला नाही, तर मला बरं वाटलं. कुणाला कळलं नाही म्हणून.”

आणि मग तिने हात खाली घेतला.

मास्तरांच्या छातीत एक कळ उठली, खोटं कशाला सांगा. महिनाभर ज्या पोरीचा जीव दुखावला म्हणून ते झुरत होते, ती तेव्हा हसत होती! पण ती कळ जेमतेम आली आणि गेली, आणि तिच्या मागून जे आलं त्याने मास्तरांची छाती अशी काही भरून आली की जाकीट तंग झालं. हात खाली आला होता. आता बोलायला हरकत नव्हती. बाईंनी रागवायला तोंड उघडलेलं त्यांनी पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा मास्तर कुणाच्या तरी आधी बोलले.

“बाई, रागवू नका. आमच्याकडे जो थांबवतो त्याला रागवत नाहीत.” मग मुलांकडे वळून म्हणाले, “मी आत्ता खोटं बोलणार होतो. भारा भलतीकडे चालला होता. हिने वेळेवर थांबवला. आमच्याकडे असं कुणी केलं की आम्ही त्याला शाबास म्हणतो.” आणि मग भिंगरीकडे बघून, “शाबास.”

बाईंनी भिंगरीला बसायची खूण केली.

“पण काका, तुम्ही तिला हात का नाही केला?” चष्मेवाला अजून उभाच होता. “बाबा तर करतातच.”

“माझ्या हातात भारा होता.”

“नाही हो, काही नव्हतं हातात. आम्ही पाहिलं ना!”

“होता,” मास्तर म्हणाले. “सळ्यांचा, या वर्गाएवढा लांब. तो क्रेनला टांगलेला असतो, पण चालतो माझ्या हातावर. मी हात हलवला की तो हलतो. खाली माणसं होती. मी हिला हात केला असता, तर तो वरच्याला दिसला असता, आणि त्याला काय कळणार की ही माझी मुलगी आहे?” एवढं लांब मास्तर लग्नानंतर एका दमात बोलले नव्हते. त्यांनाच आश्चर्य वाटलं.

मग एकदम कल्ला. करून दाखवा, करून दाखवा! मास्तरांनी खोलीवर नजर फिरवली आणि सामान मांडायला सुरुवात केली. वर्गातल्या सगळ्यात उंच पोराला बाईंच्या खुर्चीवर उभं केलं, हातात लांब काठी दिली, काठीच्या टोकाला दोरी, दोरीला डस्टर. काठीचं टोक पुस्तकांच्या कपाटाच्या पलीकडे, आणि त्या पलीकडे जमिनीवर कचऱ्याची टोपली. टोपली त्या पोराला दिसत नव्हती. “तू कावळा,” मास्तर त्याला म्हणाले, आणि वर्ग हसून लोटपोट झाला. “आता डस्टर टोपलीत घालायचा.”

“दिसतच नाही तर कसा घालू?”

“म्हणून तर खालचा माणूस लागतो.” असं म्हणून मास्तरांनी आपलं हेल्मेट उचललं, आणि भिंगरीच्या डोक्यावर ठेवलं. ते तिच्या भुवयांपर्यंत आलं. “माझ्याकडे काय बघतेस? जा, जागेवर उभी राहा.”

भिंगरी कपाटाच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. पाय जरा फाकवून, अगदी बापासारखी. तिने हात आडवा केला. काठी वळली. आणखी. थांब. बोट खाली. डस्टर हेलकावे खाऊ लागला. तिने तळवा दाखवला आणि तो शांत होईपर्यंत दाखवतच राहिली. घाई नाही, गडबड नाही. मास्तर भिंतीला पाठ लावून बघत होते. इतकी वर्षं त्यांनी हे काम केलं होतं, पण केलेलं कसं दिसतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. स्वतःचे हात कुणाला लांबून दिसतात? आज लेकीच्या अंगावर त्यांनी ते पाहिले, आणि त्यांना वाटलं, अरे, हे तर सुंदर आहे!

डस्टर टोपलीत पडला. भिंगरीने दोन्ही हात छातीपाशी एकमेकांत धरले. झालं, संपलं. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. चष्मेवाला कुणाला न विचारता फळ्यापाशी गेला आणि क्रेनच्या पायथ्याशी, त्या रिकाम्या जागेत, त्याने एक माणूस काढला. माणूस छोटासाच, पण हात हे एवढे, केबिनपेक्षा मोठे.

घरी जाताना दोघं पुढेमागे चालत होते. हेल्मेट अजून भिंगरीच्याच डोक्यावर होतं. समोरच्या फुटपाथवर एका बाईने बसला हात केला. मास्तर थांबले. मागून कुणी आदळलं नाही, कारण मागे भिंगरी होती, आणि तीही थांबली होती. बाईचा हात खाली आला. दोघं चालू लागले.

“आईला सांगाल?” भिंगरीने विचारलं.

“तू सांग. मला एवढं बोलता येत नाही.”

त्यावर ती हसली, आणि मग घरापर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच.

आता शेवटचं सांगतो आणि मास्तरांना कामावर सोडतो. दोनेक आठवड्यांनी शाळेची बस पुन्हा त्या रस्त्याने आली आणि पुन्हा त्या सिग्नलला अडकली. मास्तरांचा भारा अधांतरी होता. बस त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली. पोरांची गाडीच्या गाडी! आता एकाने जरी हात वर केला तरी थांबावं लागेल, आणि पन्नास हात वर गेले तर कावळा वरून शिव्यांची लाखोली वाहील. त्यांनी भाऱ्यावरून नजर काढली नाही. पण हात वर जायची वाट त्यांचं सगळं अंग बघत होतं.

एकही हात वर गेला नाही.

बसच्या सगळ्या खिडक्यांना चेहरे चिकटले होते. नाकं काचेला चेपलेली. कुणी बोट दाखवत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. पन्नास पोरं हात मांडीखाली दाबून बसली होती. मधल्या खिडकीत भिंगरी, तीही तशीच. ती बापाकडे बघत नव्हती. ती भाऱ्याकडे बघत होती. तिचा बाप बघत होता तिथेच.

मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. पुसायची सोय नव्हती. हात डोळ्यांपाशी नेला असता तर कावळ्याने काय समजलं असतं, देव जाणे. तेव्हा मास्तर तसेच, गालावरून पाणी वाहू देत, बोट खाली फिरवत राहिले. भारा उतरला. टेकला. पट्टे सुटले. मास्तरांनी दोन्ही हात छातीपाशी एकमेकांत धरले, आणि त्याच क्षणी बसच्या एकूण एक खिडकीत हात एकमेकांत धरले गेले. सिग्नल सुटला. बस गेली.

मग मास्तरांनी दोन्ही तळव्यांनी, सावकाश, सगळं तोंड पुसलं.

“मास्तर!” वॉकीटॉकीतून कावळा कुरकुरला. “ही कुठली खूण? उचलू की सोडू?”

“ही तुला नव्हती रे,” मास्तर म्हणाले, आणि पुढच्या भाऱ्यासाठी त्यांनी बोट वर केलं.